कुंदाताई शांत नव्हत्या

कुंदाताई गेल्याचं मला प्रज्ञानं, त्यांच्या मुलीनं, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ, मी लॅबला निघायच्या घाईत. "मावशी, आई नहीं रहीं," एवढंच ती बोलली आणि पलीकडे कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. या बातमीसाठी मनाची तयारी होती. चार महिन्यांपासून त्यांची कावीळ उतरत नव्हती, आणि पोटातली गाठ कसली आहे हे रिपोर्ट येण्याआधीच आम्हा दोघींना कळलं होतं. तयारी नव्हती ती शोकसभेची. जबलपूरच्या अधारताल भागात एका छोट्या सभागृहात पन्नासेक माणसं जमली होती. एकामागून एक उठून बोलत होते. शांत होत्या. सोशिक होत्या. हसतमुख होत्या. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "पतीच्या निधनाचं दुःख त्यांनी पचवलं, पण कुणाविषयी मनात कडवटपणा ठेवला नाही." लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि मी उठले नाही. उठून "खोटं आहे" म्हणायला हवं होतं... म्हटलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. कुंदाताई गजभिये शांत नव्हत्या. गेली काही वर्षं त्या रोज संतापलेल्या होत्या, आणि तो संताप त्यांच्या हक्काचा होता.

त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला कारखान्यात कामाला आले होते. "प्रांत फुटले, नागपूर तिकडे गेलं अन् आम्ही इकडे राहिलो," असं ते सांगत, हे कुंदाताईंच्या तोंडून मी कितीदा ऐकलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि लॅबमध्ये दोन्हींची खिचडी. मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा त्या तिथे पंधरा वर्षं जुन्या होत्या. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातून आलेल्या एका नमुन्यावरून त्यांनी एका तरुण डॉक्टरला सगळ्यांसमोर झापलं. रक्त मशीनमध्ये फिरवून पेशी खाली बसल्या की वर जे पाणी राहतं, ते सीरम, ते फिकट पिवळं दिसायला हवं. त्या नळीतलं गुलाबी होतं. "हे सीरम आहे की सरबत?" त्या म्हणाल्या. "पेशी फुटल्या आहेत. यावर मी आकडा काढणार नाही. परत काढा." डॉक्टर म्हणाला, "दीदी, चला लो न, पेशंट बुड्ढा है, सुई कितनी बार चुभोएँ?" तर ह्या म्हणाल्या, "बुड्ढा है तो झूठा रिपोर्ट दे दूँ?" मग मला बाजूला घेऊन शिकवलं... रक्त ओढताना घाई करायची नाही, नळीत सोडताना ते काठाकाठानं उतरू द्यायचं, नळी आपटायची नाही, उगाच पडू द्यायची नाही. "जोर केला की रक्त फुटते, शोभे. अन् फुटलेलं रक्त खोटं बोलते." मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की अंगावर येतं.

वामनराव, त्यांचे यजमान, रिछाईतल्या एका कारखान्यात लेथवर होते. उंच, कमी बोलणारा माणूस. रविवारी स्वतः मटण करायचे आणि आम्हा लॅबवाल्यांना कधीमधी डबा पाठवायचे. एक दिवस सकाळच्या पाळीत, मशीन सुरू करता करताच ते खाली बसले आणि मग आडवे झाले. हृदय थांबलं होतं. शेजारच्या मशीनवरच्या कामगाराला छाती दाबायची कशी ते कारखान्याच्या एका शिबिरात शिकवलं होतं. गाडी येईपर्यंत तो दाबतच राहिला. शहरातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं, आणि तिथं शॉक दिल्यावर हृदय पुन्हा सुरू झालं. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. कुंदाताई मात्र ते चौकात उभ्या राहून घ्यायच्या.

हृदय चालू झालं, पण वामनराव शुद्धीवर आले नाहीत. श्वास मशीनवर होता, झोपेचं औषध चालू होतं. अशा वेळी प्रश्न हृदयाचा राहत नाही, मेंदूचा होतो. जितका वेळ रक्त पोचलं नाही तितक्या वेळात किती मेलं, किती उरलं? ते ताडायला रक्ताची एक तपासणी आहे. मेंदूच्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं, ते मोजायचं. फार वाढलेलं असेल तर माणूस शुद्धीवर येण्याची आशा कमी. तपासणी चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. जबलपुरात ती होत नव्हती, नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जायचा. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कुंदाताईंना आयसीयूच्या बाहेर बोलावलं आणि स्वतःच्या मोबाइलवर रिपोर्टचं पान दाखवलं. आकडा नेहमीच्या कितीतरी पट होता. ते म्हणाले, "मॅडम, ब्रेन खतम है. आप तो खुद लॅब में हैं, आप तो समझती हैं."

त्या वाक्यानं घात केला. तीस वर्षं ज्या बाईनं आकडे काढले, आकड्यांवर माणसांचे इलाज चालतात हे पाहिलं, तिला आकडा दाखवला की ती वाद कशाला घालेल? मी तिथंच होते, त्यांच्या मागे, मीही तो आकडा पाहिला. मीही लॅबमधलीच. माझ्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही. पर्याय असा ठेवला गेला की मशीनवर कितीही दिवस ठेवा, उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा. कुंदाताईंनी प्रज्ञाला इंदूरहून बोलावून घेतलं होतं, ती भिंतीला धरून उभी होती. "आई, तू बोल, तू समझती है," ती म्हणाली. आणि कुंदाताईंनी सही केली. ॲम्ब्युलन्स अधारतालच्या घरासमोर थांबली तेव्हा दुपार झाली होती. श्वासाची नळी काढल्यावर वामनराव काही मिनिटांत जातील असं सांगितलं होतं. ते संध्याकाळपर्यंत स्वतःचा स्वतः श्वास घेत राहिले. कुंदाताई त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. मधेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शोभे, बोट हललं का ग?" मी म्हणाले, "नाही ताई." मला खरंच कळलं नव्हतं, हललं की नाही. दिवेलागणीला श्वास थांबला.

दोनेक आठवड्यांनी कारखान्यात कागद द्यायचे होते म्हणून प्रज्ञानं दवाखान्यातून पूर्ण फाइल आणली. कुंदाताईंना चष्म्यातून नीट दिसेना, सारखं पाणी येत होतं, म्हणून फाइल मी चाळत होते. तो रिपोर्ट हाती आला. मोबाइलवर दाखवला होता तोच. पण तो दोन पानांचा होता. दुसऱ्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरांत लॅबनं लिहिलं होतं की नमुन्यात पेशी फुटलेल्या आढळल्या, आकडा खोटा वाढलेला असू शकतो, नवा नमुना पाठवावा. मी ते वाचलं आणि मोठ्यानं वाचलं... काहून वाचलं कोण जाणे. जे द्रव्य मेंदूच्या पेशीत असतं तेच तांबड्या पेशींतही असतं. त्या फुटल्या की तेही सीरममध्ये मिसळतं, आणि मेंदूचा आकडा वाढलेला दिसतो. हे आम्हा दोघींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुंदाताईंनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा पदरानं पुसला, तीन-चारदा वाचला. मग फार हळू म्हणाल्या, "आयुष्यभर वॉर्डाच्या नळ्या फेकल्या मी. अन् माझ्या घरच्या माणसाची नळी पाहायला मागितली नाही... दुसरं पान काहून मागितलं नाही ग मी?"

मी सांगितलं, तुमची चूक नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मी परत कधी उच्चारलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी त्या दवाखान्यात गेल्या. मी सोबत होते. ओपीडीच्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. डॉक्टरांनी रिपोर्टचं दुसरं पान पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, वैसे भी उनका बचना मुश्किल था."

"मुश्किल और नामुमकिन में फर्क होता है, डॉक्टर साहब," कुंदाताई म्हणाल्या. "आपने मुझे नामुमकिन कहा था. मुश्किल कहते तो मैं रुकती."

त्यांनी मग एकेक प्रश्न विचारला, आवाज न चढवता. दुसरं पान तुम्ही स्वतः वाचलं होतं का? मेंदूच्या लहरींचा आलेख काढला का? डोक्याचा स्कॅन दुसऱ्यांदा केला का? झोपेचं औषध बंद करून किती वेळ वाट पाहिली? उत्तरं अशी आली... रिपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो तेवढा ज्युनियरनं पाठवला होता. आलेख काढणारा रजेवर होता. स्कॅन करायचा होता. औषध चालू होतं. एका आकड्यावर, आणि तोही फुटलेल्या रक्ताच्या, माणूस मेल्यात जमा केला गेला होता. या तपासणीचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्याच पानावर असतं की हा आकडा एकटा धरायचा नाही, बाकीच्या खुणांसोबत धरायचा, आणि घाई करायची नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. ठाऊक असून केलं, याचाच तर राग आहे.

रक्त काढणाऱ्या सिस्टरचा शोध कुंदाताईंनी स्वतः घेतला. ती पोरगी भेटायला आली तेव्हा रडायलाच लागली. शिरेत लावलेल्या लाइनमधून रक्त घाईत ओढलं होतं, सुईतून जोरात नळीत सोडलं होतं, आणि कुरिअरवाला येईपर्यंत नळी काउंटरवर तशीच पडून होती. मला वाटलं ताई हिला सोडत नाहीत. पण त्यांनी तिला चहा दिला आणि नळी कशी धरायची ते कपाटातली रिकामी नळी काढून शिकवलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "हिच्याकडे एका पाळीत आठ पेशंट होते. नळी कुणाच्याही हातून बिघडते, माझ्याही हातून बिघडली आहे. म्हणून तर खाली ती ओळ लिहितात न! लिहिणाऱ्यानं लिहिली. वाचणाऱ्यानं वाचली नाही."

तक्रार केली. एक समिती बसली, तिनं कागद मागवले, तारखा दिल्या, तारखा बदलल्या. शेवटी दोन परिच्छेदांचं पत्र आलं. सदर तपासणी केवळ पूरक माहिती म्हणून वापरण्यात आली, नातेवाइकांनी स्वेच्छेनं रुग्णास घरी नेले, उपचारांत हलगर्जी आढळत नाही. स्वेच्छेनं! तो शब्द वाचून कुंदाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासत राहिल्या, घासलेली भांडी पुन्हा घासत राहिल्या. त्यांनी वरच्या समितीकडे अपील केलं. नातेवाईक म्हणायला लागले, आता जाऊ दे. बहीण म्हणाली, "किती दिवस जीव जाळून राहिली तू?" विहारातल्या एका वडीलधाऱ्या बाई प्रेमानंच म्हणाल्या, "कुंदा, बुद्धानं शांती सांगितली आहे." कुंदाताई म्हणाल्या, "शांती सांगितली, बाई. डोळे मिटून घ्यायला नाही सांगितलं." त्यानंतर लोक त्यांना टाळू लागले. ओमतीतल्या बाजारात त्या दिसल्या की ओळखीचं माणूस समोरच्या दुकानात शिरायचं. आता तीच माणसं शोकसभेत सोशिक म्हणतात. हो, सोसलं त्यांनी. तुम्हालाही सोसलं.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षीची गोष्ट. त्याच सिस्टरचा एक दिवस फोन आला. एका शाळेतल्या बाई, हृदय थांबून पुन्हा सुरू झालेलं, शुद्ध नाही, आकडा खूप वाढलेला; घरच्यांना सांगून झालं आहे, ते उद्या घरी नेणार. "दीदी, दूसरे पन्ने पर वही लिखा है." कुंदाताई मला घेऊन रिक्षानं तिथं गेल्या. दवाखान्याच्या आवारात त्या बाईंचे यजमान बसले होते, हातात सहीचा कागद. ताई त्यांच्या शेजारी बसल्या, आपण कोण ते सांगितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "भैया, मैं ये नहीं कह रही कि बचेंगी. मैं कह रही हूँ कि ये नंबर अभी नंबर नहीं है. दुबारा खून भेजने को बोलिए, और नींद की दवा बंद करके रुकने को बोलिए. ये आपका हक है." त्या माणसानं सही केली नाही. नवा नमुना त्या सिस्टरनंच काढला, नीट, आणि सीरम लगेच वेगळं करून बर्फात पाठवलं. नवा आकडा पहिल्याच्या जवळपासही नव्हता. आठ दिवसांनी त्या बाईंनी डोळे उघडले. आज त्या काठी घेऊन चालतात, नावं विसरतात, शाळेत परत गेल्या नाहीत. पण घरात आहेत, जेवतात, नवऱ्यावर चिडतात.

हा प्रसंगही शोकसभेत सांगितला गेला. म्हणे त्या बाईंना वाचवल्यावर कुंदाताईंना समाधान लाभलं. मी त्या दिवशी त्यांच्यासोबत होते. बाईंनी डोळे उघडल्याची बातमी कळली, आम्ही भेटून बाहेर आलो. गाड्या लावतात तिथे कुंदाताई अचानक जमिनीवरच बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या मुठीनं जमीन बडवत होत्या. "उघडले न तिनं डोळे! उघडतात न!" त्या ओरडत होत्या. "मग ते काहून नाही? त्यांनी बोट हलवलं होतं, शोभे, मी पाहिलं होतं, मी पाहिलं होतं..." लोक थांबून पाहत होते. गार्ड पाणी घेऊन आला. हे समाधान होतं? दुसऱ्याचं माणूस परत येताना पाहून आपलं माणूस पुन्हा एकदा गेलं होतं. तरी त्या दुसऱ्या दिवशी त्या बाईंसाठी भाताची पेज घेऊन गेल्या, हेही सांगायला हवं. दोन्ही खरं आहे.

वामनराव वाचले असते असं मी म्हणत नाही. कुंदाताईही तसं म्हणत नसत, शेवटपर्यंत नाही. कदाचित नव्या नमुन्याचा आकडाही तेवढाच आला असता. कदाचित आलेख सपाट निघाला असता. पण मग ते कळलं असतं. कळून सही करणं वेगळं, आणि न कळता सही करून उरलेलं आयुष्य त्या हाताकडे पाहत बसणं वेगळं. आजारपणात त्या एकदा म्हणाल्या होत्या, "माझं काय ते मला समजलं आहे. डॉक्टरनं बसून सगळं सांगितलं. मरताना एवढं तरी मिळालं मला... त्यांना नाही मिळालं." अपिलाचा निकाल अजून आलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी आणि प्रज्ञा अधारतालच्या घराची पुढची खोली आवरत होतो. दुपारी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. "यहाँ एक दीदी रहती हैं न, जो रिपोर्ट पढ़ देती हैं?" शाळेतल्या त्या बाईंपासून असे लोक येऊ लागले होते, हे मला ठाऊक होतं, किती येत, ते नव्हतं. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून मराठी क्वचितच निघते. त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बघा न." आणि त्या बाईला म्हणाली, "आइए, बैठिए."

बाईचा भाऊ होता. हृदय थांबलेलं, सहा दिवस बेशुद्ध, दवाखाना दुसरा. मी फाइल पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक कागद, मागून-पुढून. खरं सांगते, मी चूक शोधत होते. मला ती हवी होती. ती सापडली की त्या डॉक्टरकडे जाऊन काय काय बोलायचं तेही मनात जुळवून झालं होतं. पण नमुना स्वच्छ होता. दोनदा काढलेला होता, आकडा दुसऱ्यांदा आणखी वाढला होता. औषध बंद करून वाट पाहिलेली होती. आलेख होता, स्कॅन होता, डोळ्यांच्या बाहुल्यांची नोंद रोजची होती. कुणीतरी आपलं काम नीट केलं होतं, आणि भाऊ परत येणार नव्हता.  कुंदाताईंनी अशी किती उत्तरं या खोलीत बसून दिली असतील, याचा विचार मी तोवर केला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, एकेक कागद समोर ठेवून. हे काय, ते काय, कशावरून. पाऊण तास लागला असेल. ती मधे मधे विचारत होती, मी पुन्हा सांगत होते. प्रज्ञा दाराशी उभी राहून ऐकत होती.

शेवटी बाईनं कागद गोळा केले, नीट जुळवले, पिशवीत ठेवले. डोळे पुसून म्हणाली, "चलो... किसी ने पूरा तो पढ़ा."